लग्नाची जुनी डीव्हीडी खराब होण्याआधी तिची ‘आयएसओ’ फाइल कशी बनवायची? मोफत सॉफ्टवेअर कोणती?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक डबा खाली येतो. त्यात चार-पाच डिस्क निघतात. एकीवर मार्करने लिहिलेलं असतं, ‘शुभविवाह, भाग २’. आज हयात नसलेले आजोबा त्या डिस्कमध्ये अक्षता टाकताना दिसणार असतात. पण घरातला डीव्हीडी प्लेयर कधीच भंगारात गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. डबा पुसून पुन्हा माळ्यावर जातो.

अशा डिस्कला आयुष्याची मर्यादा असते. त्यातला मजकूर वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये उतरवून घेणं. या फाइलला ‘डिस्क इमेज’ म्हणतात आणि तिचा सगळ्यात प्रचलित प्रकार म्हणजे ‘आयएसओ’. ती बनवायला आणि गरज पडल्यास पुन्हा कोऱ्या डिस्कवर उतरवायला लागणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

डिस्क इमेज म्हणजे नेमकं काय? कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी वापरायचं? आणि डाउनलोड करताना कुठे फसगत होऊ शकते? जाणून घेऊया.

डिस्क इमेज म्हणजे काय?

डीव्हीडीतल्या फाइल कॉपी करून कॉम्प्युटरवर पेस्ट केल्या की काम झालं, असं अनेकांना वाटतं. बऱ्याचदा ते चालतंही. पण डिस्कवर फाइलशिवाय आणखीही माहिती असते. कोणती फाइल कुठे सुरू होते, डिस्कचं नाव काय, कॉम्प्युटर त्या डिस्कवरून सुरू होऊ शकतो का, ही सगळी नोंद डिस्कवरच असते.

डेटा डिस्कवरची माहिती छोट्या-छोट्या कप्प्यांत साठवलेली असते. त्यांना ‘सेक्टर’ म्हणतात. एका सेक्टरमध्ये २,०४८ बाइट माहिती मावते. एका साध्या डीव्हीडीवर असे जवळपास २३ लाख सेक्टर असतात. इमेज बनवणारं सॉफ्टवेअर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं क्रमाने वाचतं आणि त्याच क्रमाने एका फाइलमध्ये लिहितं.

थोडक्यात, फाइल कॉपी करणं म्हणजे वहीतले धडे दुसऱ्या वहीत उतरवून घेणं, तर इमेज म्हणजे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि कोऱ्या पानांसकट अख्ख्या वहीची झेरॉक्स.

ही फाइल झिपसारखी दाबून लहान केलेली नसते. डिस्कवर ४ जीबी मजकूर असेल तर फाइलही तेवढीच होते.

‘आयएसओ’ हे नाव कुठून आलं?

संगीताची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. पुढे तिच्यावर कॉम्प्युटरचा डेटाही साठवायला सुरुवात झाली. पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने फाइल मांडायची. एका कंपनीची डिस्क दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडेल याची खात्री नव्हती.

यावर तोडगा काढायला १९८५ मध्ये कंपन्यांचे प्रतिनिधी अमेरिकेत लेक टाहोजवळच्या ‘हाय सिएरा’ या हॉटेलात जमले. तिथून जी पद्धत पुढे आली तिला हॉटेलचंच नाव पडलं. त्यात थोडे बदल करून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजेच ‘आयएसओ’ने, १९८८ मध्ये ‘आयएसओ ९६६०’ हे मानक प्रसिद्ध केलं. डिस्क इमेजच्या फाइलला लागणारं ‘डॉट आयएसओ’ हे शेपूट तिथूनच आलं.

या मानकाच्या सगळ्यात साध्या पातळीत फाइलचं नाव फार तर ८ अक्षरांचं आणि तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच ठेवता यायचं. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘जोलिएट’ नावाची जोड दिली. त्यामुळे नावं ६४ अक्षरांपर्यंत लांब झाली आणि त्यात युनिकोड आलं. डिस्कवर ‘आजोबांची पंचाहत्तरी’ असं देवनागरीत नाव देता येतं ते यामुळेच. मात्र इथे काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे मराठीत ६४ची मर्यादा लवकर संपते. डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी पुढे ‘यूडीएफ’ ही मांडणी आली. तिच्या इमेज फाइललाही सवयीने ‘आयएसओ’च म्हणतात.

हे मानक खुलं आहे, ही यातली महत्त्वाची गोष्ट. ‘नीरो’ या सॉफ्टवेअरची ‘एनआरजी’ किंवा ‘अल्कोहोल’ची ‘एमडीएफ’ अशा इमेज फाइलही एकेकाळी खूप चालायच्या. पण त्या त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशी बांधलेल्या होत्या. आयएसओ फाइल विंडोज, मॅक, लिनक्स अशी कुठेही उघडते. आठवणी वीस-तीस वर्षं टिकवायच्या असतील तर जे स्वरूप कुणा एका कंपनीवर अवलंबून नाही तेच निवडलेलं बरं.

घरी ‘बर्न’ केलेली डिस्क लवकर का खराब होते?

दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डिस्कवर कारखान्यात साच्याने सूक्ष्म खड्डे उमटवलेले असतात. कोऱ्या डिस्कवर असे खड्डे नसतात, तिथे एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. डीव्हीडी रायटरचा लेझर हा थर ठिकठिकाणी तापवतो आणि तेवढ्या जागेचा गुणधर्म बदलतो. वाचताना त्या जागेवरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि त्यावरून प्लेयर ० आणि १ ओळखतो. थर अक्षरशः भाजला जातो, म्हणून या क्रियेला ‘बर्न करणं’ असं नाव पडलं.

हाच रंगाचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेने हळूहळू बिघडतो. लग्नाचं, मुंजीचं किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग आपल्याकडे अशाच डिस्कवर मिळायचं. पत्र्याखालचा माळा किंवा कोकणातला पावसाळा यांपैकी काहीच त्यांना मानवणारं नाही.

सीडीबाबत आणखी एक गैरसमज आहे. चकचकीत बाजू जपायची आणि लेबलची बाजू कशीही हाताळली तरी चालते, असं मानलं जातं. प्रत्यक्षात सीडीचा डेटा असलेला थर लेबलच्या अगदी खाली असतो. तिथे बॉलपेनने जोर देऊन लिहिलं तरी नुकसान होऊ शकतं. डीव्हीडीत हा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे त्या बाजूने ती थोडी सुरक्षित असते.

आता घाई का करायची?

डिस्कचा जमाना सरत आला आहे. दिल्लीची ‘मोझर बेअर’ ही कंपनी एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांमध्ये गणली जायची. भारतात २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून तिने बाजार हलवून टाकला होता. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. सोनीनेही रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

डिस्क वाचणारा ड्राइव्ह आज अनेक लॅपटॉपमध्ये नसतो. यूएसबीला जोडायचे बाहेरचे डीव्हीडी रायटर मात्र अजून विकत मिळतात. नातेवाइकांमध्ये एकाने घेतला तरी सगळ्यांच्या डिस्क त्यावर होऊ शकतात, कारण हे काम एकदाच करायचं असतं.

मोफत सॉफ्टवेअर कोणती आहेत?

विंडोजसाठी

इमजबर्न: हे खूप जुनं आणि लोकप्रिय सॉफ्टवेअर आहे. ‘लाइटनिंग यूके’ या टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरने ते बनवलं. त्याचं आधीचं सॉफ्टवेअर ‘डीव्हीडी डिक्रिप्टर’ डिस्कवरचं कॉपी-संरक्षण तोडायचं आणि २००५ मध्ये कायदेशीर दबावामुळे ते बंद करावं लागलं. त्यानंतर आलेल्या इमजबर्नमध्ये संरक्षण तोडायची सोय ठेवलेली नाही. ते उघडलं की सहा मोठी बटणं दिसतात. त्यांतलं डिस्कवरून इमेज बनवणारं आणि इमेज डिस्कवर लिहिणारं, ही दोन बटणं बहुतेकांना पुरतात. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे. इन्स्टॉल करताना सोबत जाहिरातींचं सॉफ्टवेअर यायचं, अशी तक्रारही जुनी आहे. त्यामुळे प्रत्येक पानावरच्या टिकमार्क वाचूनच पुढे जावं.

इन्फ्रारेकॉर्डर: ज्यांना सोर्स कोड खुला असलेलंच सॉफ्टवेअर हवं त्यांच्यासाठी. दिसायला विंडोजच्या फोल्डरसारखं. याचंही काम गेली अनेक वर्षं थांबलेलं आहे, पण सीडी-डीव्हीडीची मूलभूत कामं ते करतं.

सीडीबर्नर-एक्सपी: नावात ‘एक्सपी’ असलं तरी नंतरच्या विंडोजवरही चालतं. डेटा डिस्क, ऑडिओ सीडी, आयएसओ बनवणं आणि बर्न करणं, हे सगळं यात होतं.

विंडोजची स्वतःची सोय: विंडोज ७ पासून आयएसओ फाइलवर राइट-क्लिक करून ती थेट डिस्कवर बर्न करता येते. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल-क्लिक केलं की कॉम्प्युटरमध्ये जणू नवी डिस्क घातल्यासारखी ती उघडते. याला ‘माउंट करणं’ म्हणतात. मात्र डिस्कवरून आयएसओ बनवायचं बटण विंडोजमध्ये नाही, त्यासाठी वरचं एखादं सॉफ्टवेअर लागतंच.

लिनक्ससाठी

उबुंटूसारख्या सिस्टिमवर ‘ब्रासेरो’ सोपं पडतं. केडीई वापरणाऱ्यांसाठी ‘के-थ्री-बी’ आहे. ‘केडीई बर्न बेबी बर्न’ या नावातले तीन ‘बी’ म्हणजे हे नाव. हलकं काही हवं असेल तर ‘एक्सएफबर्न’. कमांड टाइप करून काम करणाऱ्यांसाठी ‘झोरिसो’ हे ताकदीचं साधन आहे. ही चारही मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

मॅकसाठी

वेगळं काही घ्यायची गरज नाही. मॅकमधल्या ‘डिस्क युटिलिटी’त डिस्क निवडून नवी इमेज बनवायचा पर्याय आहे. त्यात ‘डीव्हीडी/सीडी मास्टर’ हा प्रकार निवडला की ‘सीडीआर’ असं शेपूट असलेली फाइल तयार होते. ते बदलून ‘आयएसओ’ केलं की फाइल इतरत्रही चालते.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यात फरक काय?

पैसे लागत नाहीत ते मोफत. ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो ते मुक्त. इमजबर्न आणि सीडीबर्नर-एक्सपी मोफत आहेत, पण त्यांचा कोड खुला नाही. बनवणाऱ्याने काम थांबवलं की दुसरं कुणी ते पुढे नेऊ शकत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काय घडू शकतं याचं उदाहरण याच क्षेत्रात आहे. युनिक्स-लिनक्सवर डिस्क बर्न करणारी बहुतेक साधनं जर्मन प्रोग्रामर यॉर्ग शिलिंग यांच्या ‘सीडीआरटूल्स’वर उभी होती. २००६ मध्ये परवान्याच्या अटींवरून त्यांचा ‘डेबियन’ या लिनक्स प्रकल्पाशी वाद झाला. डेबियनच्या लोकांनी जुन्या परवान्यातला कोड घेऊन ‘सीडीआरकिट’ नावाने वेगळी वाट धरली. वाद कडवट होता, पण वापरणाऱ्यांचं काम अडलं नाही. कोड खुला असल्याने हे शक्य झालं.

डिस्कवरून आयएसओ कशी बनवायची?

१. डिस्क मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसा. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा डेटाच्या रेषेवरून लांबपर्यंत जातो आणि जास्त नुकसान करतो.

२. हार्ड डिस्कवर पुरेशी जागा आहे का पाहा. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. विंडोजमध्ये तोच आकडा ४.३७ जीबी दिसतो, कारण कंपन्या १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या.

३. सॉफ्टवेअरमध्ये डिस्कवरून इमेज बनवायचा पर्याय निवडा, फाइल कुठे ठेवायची ते सांगा आणि काम सुरू करा. फाइलला अर्थपूर्ण नाव द्या. ‘डिस्क १’पेक्षा ‘सुमनचं लग्न, २००७, भाग २’ हे नाव दहा वर्षांनीही कळेल.

४. काम पूर्ण झालं की फाइल उघडून तपासा. ‘व्हीएलसी’ या मोफत प्लेयरमध्ये डीव्हीडीची आयएसओ थेट चालते, मेन्यूसकट. सुरुवात, मध्य आणि शेवट, असं तिन्ही ठिकाणी पाहून घ्या.

५. फोनवर पाहायला किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवायला आयएसओ उपयोगाची नाही. त्यासाठी ‘हँडब्रेक’ या मुक्त सॉफ्टवेअरने तिच्यातून एमपी-फोर व्हिडिओ काढता येतो. पण एमपी-फोर झाला म्हणून आयएसओ डिलीट करू नका. व्हिडिओ लहान करताना थोडा दर्जा जातोच, मूळ प्रत आयएसओतच राहते.

फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर? पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग त्यावर ६४ जीबी जागा मोकळी का असेना. असा पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करून घ्यावा. मात्र फॉरमॅट करताना त्यातलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवावं.

व्हीसीडी आणि ऑडिओ सीडीचं काय?

इथे अनेकजण अडकतात. डीव्हीडी घरोघरी पोचण्याआधी लग्नाचं शूटिंग व्हीसीडीवर यायचं. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटांचा व्हिडिओ मावतो, म्हणून एका लग्नाच्या तीन-चार डिस्क व्हायच्या. व्हीसीडीवरचा व्हिडिओ २,०४८ बाइटच्या साध्या सेक्टरमध्ये नसतो, त्याची मांडणी वेगळी असते. ऑडिओ सीडीवर तर फाइलच नसतात, नुसते ट्रॅक असतात. त्यामुळे या दोन्ही डिस्क आयएसओत नीट बसत नाहीत.

त्यांच्यासाठी ‘बिन’ आणि ‘क्यू’ ही जोडी वापरतात. ‘बिन’मध्ये डेटा असतो आणि ‘क्यू’मध्ये कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी. इमजबर्न डिस्क ओळखून स्वतःच हा प्रकार निवडतं. अशावेळी दोन्ही फाइल एकत्र जपायच्या. व्हीसीडीवर ‘एमपीईजी-एव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ शेपटाची मोठी फाइल दिसते. व्हिडिओ तोच असतो आणि व्हीएलसीमध्ये तो चालतो.

डिस्कवर ओरखडे असतील तर?

वाचताना सॉफ्टवेअर मध्येच अडकतं, ड्राइव्ह घरघर करतो आणि शेवटी ‘एरर’ येते. इथे लगेच हार मानू नये. आधी वाचण्याचा वेग कमी करून पाहावा, मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालून पाहावी. एका ड्राइव्हला न दिसणारी जागा दुसऱ्याला दिसते, असं बऱ्याचदा होतं.

तरीही जमलं नाही तर ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते लिनक्सवर चालतं आणि त्यासाठी कमांड टाइप कराव्या लागतात, त्यामुळे जाणकाराची मदत घेतलेली बरी. आधी ते डिस्कचा सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतं आणि खराब जागा सोडून देतं. मग त्या जागांवर पुन्हा पुन्हा येऊन प्रयत्न करतं. काय वाचून झालं आणि काय राहिलं याचा नकाशा ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येतं.

त्याची आणखी एक खुबी लग्नाच्या डिस्कसाठी फार कामाची आहे. एका प्रतीतला खराब भाग ते दुसऱ्या प्रतीतून भरून काढू शकतं. लग्नाची एक डीव्हीडी मुलाकडे असते आणि एक मुलीकडे. दोन्ही एकाच मूळ इमेजवरून बनलेल्या असतील आणि दोन्हींवर वेगवेगळ्या जागी ओरखडे असतील, तर दोन अर्धवट डिस्कमधून एक पूर्ण इमेज तयार होऊ शकते. म्हणून आपली डिस्क चालत नसेल तर व्याह्यांना एक फोन जरूर करावा.

इमेज पुन्हा डिस्कवर कशी उतरवायची?

जुन्या प्लेयरवर पाहायचं असेल, गाडीच्या स्टीरिओत गाणी लावायची असतील किंवा कुणाला डिस्कच द्यायची असेल, तर बर्न करावं लागतं. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आयएसओ फाइल उचलून डिस्कवर नुसती कॉपी करणं. मग डिस्कवर एकच मोठी फाइल दिसते आणि प्लेयर ती चालवत नाही. त्यासाठी ‘इमेज बर्न करा’ हाच पर्याय निवडावा लागतो. तेव्हा फाइलमधला प्रत्येक सेक्टर डिस्कवर आपापल्या जागी जातो.

वेग फार ठेवू नये. डीव्हीडीचा ‘१ एक्स’ वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. ‘८ एक्स’ने भरलेली डीव्हीडी आठ-दहा मिनिटांत होते. घाई नसेल तर मधला वेग निवडावा. काम संपल्यावर ‘व्हेरिफाय’ म्हणजे पडताळणी करायचा पर्याय सुरू ठेवावा. त्यात डिस्कवर गेलेला मजकूर आणि मूळ फाइल पुन्हा ताडून पाहिली जाते.

पूर्वी बर्न करताना कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडलं की डिस्क वाया जायची. लेझरला सलग डेटा लागायचा, तो क्षणभर जरी थांबला तरी डिस्क फुकट. २००० च्या सुमारास सान्यो कंपनीच्या ‘बर्न-प्रूफ’सारखं तंत्र आलं. डेटा तुटला तर लेझर थांबतो आणि नंतर त्याच जागेवरून पुढे सुरू होतो. त्यामुळे आजच्या ड्राइव्हमध्ये ही भीती राहिलेली नाही.

पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स टाकायचं असेल तर?

आज आयएसओ डाउनलोड करणाऱ्या अनेकांना डिस्क नकोच असते. जुन्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्यासाठी त्यांना ‘बूटेबल पेनड्राइव्ह’ हवा असतो.

कॉम्प्युटर सीडीवरून सुरू व्हावा यासाठी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ नावाची पद्धत ठरली. कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटचं हे नाव. पुढे उबुंटूने २०११ पर्यंत जगभर लोकांच्या पत्त्यावर मोफत सीडी पाठवल्या. भारतात ‘डिजिट’सारख्या मासिकांसोबत लिनक्सच्या डिस्क यायच्या. इंटरनेट महाग आणि संथ होतं तेव्हा अनेकांची लिनक्सशी ओळख अशीच झाली.

आता त्यासाठी विंडोजवर ‘रूफस’ आहे. ‘बलेना एचर’ तिन्ही सिस्टिमवर चालतं. ‘व्हेंटॉय’ची गंमत वेगळी आहे. पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यावर हव्या तेवढ्या आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. कॉम्प्युटर सुरू करताना त्यांची यादी समोर येते आणि हवी ती निवडता येते. ही तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती वापरताना पेनड्राइव्हवरचा आधीचा डेटा पुसला जातो, म्हणून योग्य ड्राइव्ह निवडलाय ना हे दोनदा तपासावं.

फसगत कुठे होते?

डाउनलोडचं खोटं बटण: मोफत सॉफ्टवेअरच्या पानांवर हिरवं, मोठं ‘डाउनलोड’ बटण अनेकदा जाहिरात असते. खरी लिंक बारीक अक्षरांत कुठेतरी असते. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यावं.

बदललेली आयएसओ: फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’ची वेबसाइट हॅक झाली. हॅकरनी डाउनलोडची लिंक बदलून लोकांना छुपा दरवाजा असलेली आयएसओ दिली. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयएसओसोबत ‘चेकसम’ दिलेला असतो. तो फाइलच्या बोटांच्या ठशासारखा असतो, फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. ‘सेव्हन-झिप’ या मुक्त सॉफ्टवेअरने राइट-क्लिक करून तो काढता येतो आणि वेबसाइटवरच्या ठशाशी जुळवता येतो. पण वेबसाइटच हॅक झाली असेल तर तिथला ठसाही बदललेला असू शकतो. त्यासाठी अनेक प्रकल्प डिजिटल सही देतात.

ईमेलमधून आलेली आयएसओ: ‘बिल’ किंवा ‘कुरिअरची पावती’ म्हणून आयएसओ फाइल आली तर उघडू नका. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण करतं आणि ती उघडताना इशारा देतं. आयएसओच्या आतल्या फाइलना ही खूण लागत नसे, याचा फायदा घेऊन व्हायरस पाठवले जायचे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२२ मध्ये ही त्रुटी दुरुस्त केली, पण अपडेट न केलेल्या कॉम्प्युटरना धोका राहतोच.

कायदा काय सांगतो?

आपल्या घरच्या कार्यक्रमाची डिस्क जपण्यासाठी तिची इमेज करण्यात अडचण नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायला भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ अटींसह परवानगी देतं. सिनेमाच्या किंवा नाटकाच्या डिस्कचं तसं नाही. हक्कभंग करण्याच्या हेतूने डिस्कवरचं संरक्षण तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. अशी इमेज टेलिग्रामवर टाकणं हीही सरळ पायरसीच आहे.

इमेज बनवल्यावर काय?

एका हार्ड डिस्कवर ठेवून निश्चिंत होऊ नका, कारण हार्ड डिस्कही बंद पडतात. जाणकार यासाठी ‘३-२-१’ हा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या बहिणीकडे, एवढं केलं तरी पुरे. फाइलचा चेकसमही एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवावा. पाच वर्षांनी तो जुळला की फाइल शाबूत आहे हे कळतं.

एका डीव्हीडीची इमेज व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहसा लागत नाही आणि सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. फक्त डिस्क वाचता येते आहे तोवरच हे काम करावं लागतं. त्यामुळे यंदा माळ्यावरचा डबा खाली आला, तर तो पुसून परत वर ठेवण्याआधी त्यातली एक डिस्क ड्राइव्हमध्ये घालून पाहा.